प्रिव्ह्यू शोला मुंबई गाठायची, गोवा करायचा, की वडगावात माडीवरच बघायचं?

खानापूरच्या आमच्या भाच्याचा परवा रात्री अकराला फोन. मामा, मेल आलाय, सिलेक्शन झालंय माझं, नव्या सीझनचा फॅन प्रिव्ह्यू (म्हणजे सिरीज घरी यायच्या आधी फॅन लोकांना थिएटरात दाखवतात तो शो), मुंबईत, शुक्रवारी संध्याकाळी, जाऊ की नको सांग. मी म्हटलं आधी झोप की, सकाळी बोलू. सकाळी त्याला सांगण्यात अर्धा तास गेला, तेवढ्यात त्याचा दोस्त पण लाईनवर आला, त्यालाही तेच सगळं परत सांगितलं, म्हणून म्हटलं एकदा लिहूनच टाकावं. कारण बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी ह्या पट्ट्यातल्या माणसाला हा प्रश्न पडतो तसा मुंबईवाल्याला पडत नाही, त्याला ऑफिस सुटल्यावर लोकल पकडायची असते, आपल्याला रजा टाकायची असते.

तिन्ही प्रकार मी करून बघितलेत. मुंबईचा प्रिव्ह्यू एकदा, गोव्याचा इफ्फी, म्हणजे तो आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, एकदा, आणि घरी माडीवर पोरं जमवून तर किती वेळा त्याचा हिशेब नाही.

आधी मुंबईचं. सिरीजचं नाव सांगत नाही, तेव्हा सांगू नका म्हणून फॉर्मवर सही घेतली होती आणि तोंड बंद ठेवायची सवय लागली ती लागलीच. पास फुकट असतो, हे पहिलं डोक्यात ठेवा, कोण पैसे मागत असेल तर तो गंडवतोय. पण फुकट पास म्हणजे खुर्ची पक्की असं काही नसतं. फुकट पासवाले बरेचजण ऐनवेळी येत नाहीत हे आयोजकांना पाठ असतं, म्हणून ते खुर्च्यांपेक्षा जास्तच पास वाटतात आणि मग जो आधी येईल तो आत. मेलच्या खाली बारीक अक्षरात हे लिहिलेलं असतं, मी ते वाचलंच नव्हतं. रिपोर्टिंग साडेपाचचं, आणि मी रात्रभराच्या बसनं उतरून चुलतभावाकडं अंघोळ, जेवण, एक झोप काढून आरामात सहाला पोचतोय तर लाईन एस्केलेटर उतरून खाली पार्किंगपर्यंत. माझ्या पुढं चार माणसं राहिली असताना दार बंद. मी आधारकार्ड काढून दारावरच्या पोरीला दाखवलं, बघा बेळगावहून आलोय म्हणून, पिशवीत कुंद्याचा डबा होता भावाकडं द्यायचा विसरलेला, अजून पाच मिनिटं गेली असती तर तोही तिच्या हातात ठेवला असता. शेवटी कोणतरी मोठे पाहुणे आले नाहीत आणि आम्हा आठ-दहा जणांना आत सोडलं, पहिल्या रांगेत, मान वर करून.

आत गेल्यावर फोन एका पाकिटात घालून सील करतात, पाकीट आपल्याकडंच, पण उघडायचं बाहेर आल्यावर. म्हणजे फोटो काढून स्टेटसला टाकायच्या हिशेबानं जाणार असाल तर दारातल्या पोस्टरसमोर काय काढायचेत ते काढून घ्या. सातचा शो साडेआठला. मधल्या वेळात अँकर प्रश्न विचारतो आणि टी-शर्ट फेकतो, मागच्या सीझनमधलं कुठल्यातरी कुत्र्याचं नाव काय असलं काहीतरी, आणि तीनशे माणसं एका सुरात ओरडतात, तेव्हा पहिल्यांदा वाटलं की अरे आपण एकटेच येडे नाही. कलाकार आले, दहा मिनिटं बोलले, गेले. आणि दाखवले किती भाग तर दोन. पुष्कळांना वाटतं प्रिव्ह्यू म्हणजे अख्खा सीझन, तसं सहसा नसतं, एक नाहीतर दोन. वर पडदा सिनेमाचा आणि सिरीज टीव्हीच्या मापाची, त्यामुळं दोन्ही बाजूला काळ्या पट्ट्या राहतात, पहिल्या रांगेतून तर त्या पट्ट्याच जास्त दिसतात.

एवढी कुरकुर केली पण सुरुवातीचं म्युझिक लागलं तेव्हा अंगावर काटा आला हे खरं. ज्या पात्रावर घरी आम्ही दोघंच हसायचो त्याच्या नुसत्या एंट्रीला अख्खं थिएटर. आपल्याकडं शिवजयंतीचे चित्ररथ केबलवर लाईव्ह दिसतात, घरात बसून नीट, जवळून, ओळीनं. तरी माणूस रात्री नरगुंदकर भावे चौकात पाय दुखेपर्यंत उभा राहतोच की. त्यातलाच प्रकार.

आता जे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं ते. बाहेर पडलो पावणेअकराला, बेळगावच्या स्लीपर तोपर्यंत निघून गेलेल्या, म्हणजे अजून एक मुक्काम, दुसऱ्या दिवशीची पण रजा, सगळं मिळून साडेचार हजाराला फोडणी. ते चालतंय. पण परत आल्यावर नऊ दिवस कोणाला काही सांगायचं नाही. आमचा ग्रुप रोज संध्याकाळी चहाला जमतो, रोज तोच विषय, कोण मरणार, कोण फितूर, आणि मी आपला कप बघत बसलेला. एकानं बरोब्बर अंदाज बांधला तर मला मान पण हलवता येईना. आणि नवव्या दिवशी सगळ्यांनी बघितलं, ओरडले, रात्री दोनपर्यंत ग्रुपवर धिंगाणा, तेव्हा माझ्यातला जोश संपला होता, मला ते शिळं झालेलं. ज्यांच्याबरोबर ओरडायचं ते इथं, आणि मी ओरडून आलो तिथं अनोळखी लोकांत. आधी बघायला मिळतंय हीच गोष्ट मला जड गेली.

आणि खरं बघायला गेलं तर आधी बघण्यासाठी लोक जातच नसावेत. २०१५ च्या जानेवारीत अमेरिकेत गेम ऑफ थ्रोन्सच्या चौथ्या सीझनचे शेवटचे दोन भाग आयमॅक्सला लावले होते, म्हणजे जे सहा-सात महिने आधीच टीव्हीवर येऊन गेलेले, आणि माणसं तिकीट काढून गेली. मग २०२५ च्या ३१ डिसेंबरला स्ट्रेंजर थिंग्जचा शेवटचा भाग, अमेरिका आणि कॅनडात पाचशेवर थिएटरांत लागला, आणि घरी नेटफ्लिक्सवर पण त्याच वेळेला आला, एक मिनिट आधी नाही. तरी गेली. (आपल्याकडं थिएटरात नव्हताच, १ जानेवारीला सकाळी साडेसहाला घरी, आदल्या रात्रीचं जागरण डोळ्यात घेऊन.)

पुण्यात प्रिव्ह्यू असेल तर गणित जरा बरं बसतं. मुंबई आपल्यापासून पाचशे किलोमीटरच्या आसपास, पुणं साडेतीनशेच्या आत, आणि मुख्य म्हणजे मुंबईहून सुटलेल्या रात्रीच्या गाड्या पुण्याला बारा-एकला येतात, त्यामुळं शो संपवून वाकडला नाहीतर कात्रजला उभं राहिलं की सकाळी बेळगावात, मुक्काम वाचला. हुबळी-पुणे वंदे भारत २०२४ पासून बेळगाववरून जाते, ती जायला चांगली, पण रोज नाही, वार बघून घ्या. बंगळूरला कधी असेल तर ते पण पाचशेच, आणि तिथं आपल्यातले अर्धे नोकरीला आहेत, राहायची सोय कोणाकडं ना कोणाकडं होतेच.

आता गोवा. ह्याच्याकडं आपल्या भागातल्या लोकांचं लक्षच नाही याचं मला नवल वाटतं. इफ्फी २००४ पासून पणजीला भरतो, नोव्हेंबरच्या २० तारखेपासून पुढं आठ-नऊ दिवस, आणि पणजी आपल्याला चोर्ला घाटातून एकशेदहा किलोमीटरच्या आसपास, म्हणजे कोल्हापूर जेवढं लांब तेवढंच. लोकांना वाटतं तिथं दाढीवाले लोक इराणी सिनेमा बघायला जातात, जातात की, पण सिरीज पण असतात. २०२२ ला फौदा ह्या इस्रायली सिरीजच्या चौथ्या सीझनचा पहिला भाग तिथं दाखवला, तो लिहिणारे दोघं, लिओर राझ आणि अवी इसाखारोफ, स्वतः आले होते, आणि नेटफ्लिक्सवर आपल्याला तो मिळाला जानेवारी २०२३ ला. बिहारच्या पोलिसांवरची ती खाकी पण त्याच वर्षी तिथं होती. पुढच्या वर्षापासून तर वेब सिरीजला वेगळं बक्षीसच सुरू केलं, पहिलं पंचायतच्या दुसऱ्या सीझनला.

मी गेलो २०२३ ला. फरक असा की इथं तुमची निवड व्हावी लागत नाही, डेलिगेट म्हणून नाव नोंदवायचं, थोडी फी भरायची, कार्ड गळ्यात, मग सीट मोबाईलवरून बुक करायची. बुकिंग उघडल्या उघडल्या संपतं, त्यासाठी बोट तयार ठेवावं लागतं, आणि नाही मिळालं तर रश लाईन आहे, उभं राहायचं, जागा राहिली तर सोडतात. मी रश लाईनमधून दोन शो मारले, एकात हुकलो. पण हुकलो म्हणून दिवस वाया गेला असं झालं नाही, शेजारच्या स्क्रीनला दुसरं काहीतरी चालू होतंच, तिकडं बसलो, तेही आवडलं. मुंबईत दार बंद झालं असतं तर मी कुंदा खात परत आलो असतो.

गोव्याचं उणं हे की तिथं फॅन-फॅन असं वातावरण नसतं. टी-शर्ट नाही, आरडाओरडा नाही, तुमच्या शेजारी बसलेल्या बाईनं आधीचे सीझन बघितलेलेच नसतात आणि ती हळूच विचारते हा कोण. आणि तुमची आवडती सिरीज तिथं असेलच असं नाही, जे असेल ते बघायचं. एकाच सिरीजसाठी जीव टाकलेला असेल तर इफ्फीच्या भरवशावर राहू नका. चौघं गाडी काढून गेलात तर माणशी खर्च मुंबईच्या निम्मा पण येत नाही, सकाळी निघून रात्री घरी येता येतं, पण रात्री चोर्ला उतरा-चढायची सवय असलेला एकजण पाहिजे. पावसाळ्यात मी कोणाला तो रस्ता सुचवला नसता, नोव्हेंबरला धुकं निवळलेलं असतं, खड्डे तेवढे तुमचं नशीब.

तिसरं घरचं. आमच्या वडगावच्या माडीवर एक पांढरी भिंत आहे आणि एका दोस्ताचा प्रोजेक्टर आहे, बास. २०१९ ला गेम ऑफ थ्रोन्सचा शेवटचा सीझन १५ एप्रिलपासून सलग सहा सोमवार सकाळी साडेसहाला यायचा, अमेरिकेत रविवारची रात्र म्हणून, आणि सहा सोमवार सातजण दात न घासता माडीवर. आईला वाटायचं पोरं योगासनाला लागली, तिसऱ्या सोमवारी तिनं वर येऊन बघितलं आणि त्यानंतर योगासनाचा चहा बंद झाला. भिंतीवर उजेड पडायला लागला की चित्र फिकं, खिडकीला चादर लावायची. तिसरा भाग सगळा रात्रीच्या लढाईचा, आम्हाला काळ्यात काळं दिसलं, नुसता आवाज ऐकून लढाई बघितली. एकदा ऐन शेवटाला लाईट गेली, मग सातजण एका मोबाईलवर. म्हणजे घरचं सगळं सोपं असंही नाही.

वेळेचं एक लक्षात ठेवा, नेटफ्लिक्सवाले साधारण दुपारी दीडला नाहीतर उन्हाळ्यात साडेबाराला सोडतात, प्राईमवाले बहुतेक रात्री बाराला, त्यामुळं कोणाची ड्युटी कधी ते बघून सगळ्यांनी ठरवायचं की एकत्र बसल्याशिवाय कोण बघणार नाही. ही शपथ मोडणारा एकजण असतोच.

घरचा अजून एक फायदा म्हणजे भाषा. प्रिव्ह्यूला मूळ भाषेत लावतात, खाली इंग्रजी सबटायटल, ज्याला झेपेल त्यानं वाचावं. आमच्या माडीवर अक्का आली तर हिंदी डब, विजापूरचा दोस्त असला तर कन्नड आहे का बघायचं, आणि मग अर्धा तास भांडण, कारण मूळ आवाजात बघणाऱ्यांना डब म्हणजे पाप. भांडण मिटेपर्यंत भडंग संपलेलं असतं.

तुमची आवडती सिरीज म्हणजे रोजची मराठी मालिका असेल तर प्रिव्ह्यूबिव्ह्यू विसरा, तिथं रविवारचा महाएपिसोड हीच दिवाळी. पण तुझ्यात जीव रंगला चालू होती तेव्हा कोल्हापूरजवळ वसगड्याला मालिकेतला तो वाडा बघायला निपाणी-चिकोडीची किती माणसं गाड्या करून गेली, आमची काकू धरून. शूटिंग बघितलं, दूरवरनं हात केला, आली. पास नाही, लाईन नाही. मला अजून वाटतं खरा फॅन शो तोच होता.

तर भाच्याला मी काय सांगितलं. त्याला विचारलं, तुझ्याबरोबर ही सिरीज बघणारं इथं कोण आहे? म्हणाला, कोण नाही मामा, कॉलेजात सगळे क्रिकेट नाहीतर रील. मग जा, म्हटलं, तुला बोलायला माणूस तिथंच मिळेल, नऊ दिवस गप्प बसायला तुला काय त्रास नाही. साडेपाचचं रिपोर्टिंग म्हणजे तीनला जाऊन उभा राहा, आधारकार्डावरचं आणि पासवरचं नाव एकच आहे का ते आजच बघ, परतीचं तिकीट दुसऱ्या दिवसाचं काढ. त्याच्या दोस्ताला मात्र नको म्हटलं, त्याचे तिघं भाऊ एकत्र बघतात, तो एकटा आधी बघून आला तर घरात तोंड दाखवायला जागा राहणार नाही. त्याला म्हटलं नोव्हेंबरपर्यंत थांब, चौघं मिळून पणजीला जाऊया, मीच गाडी चालवतो.

आणि तेव्हा बेळगावात टाकी फुल करत बसू नका, गोव्यात पेट्रोल आपल्यापेक्षा स्वस्त असतं, जांबोटी-कणकुंबीवरून घाट उतरेपर्यंत पुरेल एवढं टाकायचं आणि खाली गोव्यात साखळी गावाला भरून घ्यायचं.