व्हॉट्सॲप बिझनेस : बडोद्याच्या दुकानाला कितपत उपयोगी?

रावपुरा, दांडिया बाजार भागातल्या दुकानांत व्हॉट्सॲप असतंच, पण मालकाच्या घरच्या नंबरावर. मावशीचं सुप्रभात आणि गिऱ्हाइकाची ऑर्डर एकाच रांगेत. 2018च्या जानेवारीत आलेलं व्हॉट्सॲप बिझनेस ही दोन्ही कामं वेगळी करतं, आणि तेही फुकट. नंबर मात्र वेगळा हवा, कारण एकच नंबर दोन्ही ॲपवर एकाच वेळी चालत नाही. पाटीवरचा जुना लँडलाइन नंबरही चालतो. नंबर पडताळायचा कोड मेसेजऐवजी फोनवर ऐकायचा पर्याय निवडायचा.

सगळ्यात कामाची चीज म्हणजे लेबलं, गिऱ्हाइकाच्या चॅटवर लावायच्या खुणेच्या चिठ्ठ्या. वीसपर्यंत करता येतात आणि गिऱ्हाइकाला दिसत नाहीत. नवरात्रात चणिया-चोळी भाड्यानं देणाऱ्यानं तयार लेबलांवर न थांबता ‘माप दिलं’, ‘डिपॉझिट आलं’, ‘कपडा परत यायचाय’ अशी स्वतःची करावीत. फसतं कुठे? लेबल लावतात सगळे, काढत कोणीच नाही. मग पैसे चुकते केलेल्या बाईंना दसऱ्यानंतर तगादा जातो. गल्ल्यावरच्या एकाच माणसाकडे हे काम द्यावं आणि त्यानं रात्री दुकान वाढवायच्या आधी रांग तपासावी.

ठरलेली उत्तरं पन्नासपर्यंत साठवता येतात. तिरकी रेघ आणि शॉर्टकट टाकला की मजकूर समोर. बडोद्यात गुजराती, मराठी, हिंदी असे प्रत्येक उत्तराचे तीन अवतार लागतात. त्यामुळे भाव त्यात लिहूच नये. तेल महागलं, गुजराती उत्तर बदललं, मराठी तसंच राहिलं, की जोशीकाकू जुन्याच भावानं भाकरवडी मागणार आणि त्यांचं चूक नसणार. भाव फक्त कॅटलॉगमध्ये, म्हणजे ॲपमधल्या वस्तूंच्या फोटोसह यादीत ठेवावा.

कॅटलॉगात 500 वस्तू मावतात, प्रत्येकीचे दहा फोटो. नवी वस्तू तपासणी होऊन मगच दिसते, म्हणून धनत्रयोदशीचा माल आदल्या रात्री चढवू नका. फरसाणवाल्यांनी वजन वस्तूच्या नावातच घालावं, ‘लीलो चिवडा, 250 ग्रॅम’ असं, नाहीतर किलो की पाव यावर दहा मेसेज होतात. हा चिवडा ओलसर असतो, म्हणून किती दिवस टिकेल तेही खाली लिहावं. भावाची जागा रिकामी ठेवून ‘चौकशी करा’ म्हणणाऱ्यांचं गणित मात्र कळत नाही.

ब्रॉडकास्टबद्दल, म्हणजे एकच मेसेज एकदम अनेकांना धाडण्याबद्दल, गैरसमज फार. एका यादीत 256 जण, पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज पोचतो. बिल करतानाच ॲपचा क्यूआर दाखवून नंबर सेव्ह करून घ्यावा. रोज ऑफर धाडली तर लोक ब्लॉक करतात, तक्रारी वाढल्या तर नंबरच बंद पडू शकतो.

स्वागताचा मेसेज पहिल्यांदा लिहिणाऱ्याला किंवा 14 दिवस गप्प असलेल्याला आपोआप जातो. ‘लवकरच संपर्क करू’ यापेक्षा ‘1 ते 4 दुकान बंद, चारनंतर उत्तर देऊ’ हे बरं.

खरी परीक्षा मालकाची आहे. मुख्य फोनशिवाय चार उपकरणं जोडता येतात, म्हणजे उत्तरं नोकरही देणार. पण गिऱ्हाइकाला फक्त दुकानाचं नाव दिसतं, लिहिणाऱ्याचं नाही. प्रत्येकानं शेवटी आद्याक्षर टाकायची शिस्त लावावी. सूट कितीपर्यंत कोणी द्यायची, हे आधी ठरवावं. अण्णांना विचारून सांगतो, असं प्रत्येक वेळी लिहायचं असेल तर चार उपकरणं जोडून फायदा काय? माणूस नोकरी सोडून गेला की त्याच दिवशी ‘जोडलेली उपकरणं’मध्ये जाऊन त्याचा फोन काढावा. मुख्य फोन 14 दिवस वापरला नाही, तर बाकीची आपोआप तुटतात. मालक परदेशी मुलाकडे जाताना हे हमखास विसरतात.

पैसे मोजून घ्यायची मोठ्या धंद्यांची सेवा वेगळी आहे. तिथे गिऱ्हाइकाच्या शेवटच्या मेसेजनंतर 24 तास मोकळेपणानं बोलता येतं, पुढे मंजूर झालेला मजकूरच पाठवावा लागतो, आणि जाहिरातीच्या मेसेजला पैसे पडतात. एका गल्ल्याच्या दुकानाला तिची गरज नाही. तीन-चार शाखा असतील, तर हिशेब मांडून पाहावा.