फिरता स्पार्ज आर्म, भोकांची ताटली की बॅच: कुणी काय घ्यावं

इंदूरहून परदेशी गेलेली पोरं घरी बिअर करायला लागली की काही घडवून घ्यायचं असलं तर त्यांना इथला सियागंज बाजार आठवतो. ब्रिस्टलच्या माझ्या भाच्याची मागणी आहे, ‘मामा, फिरता स्पार्ज आर्म करून पाठवा.’ म्हणजे मॉल्टच्या थरावर गरम पाणी शिंपडणारी, भोकं पाडलेली फिरती नळी. आपल्याकडे मध्य प्रदेशात परवान्याशिवाय घरी बिअर बनवणं आबकारी कायद्यात बसत नाही, त्यामुळे ही तुलना तिकडच्यांसाठीच. ब्रिटनमध्ये १९६३पासून घरच्यापुरत्या बिअरला परवाना लागत नाही, अमेरिकेतही १९७८च्या कायद्याने मोकळीक दिली.

काम काय आहे ते बघू. भरडलेला मॉल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य, ६५ ते ६८ अंशांच्या पाण्यात तासभर ठेवला की त्यातल्या स्टार्चची साखर होते. मग ते गोड पाणी, म्हणजे वर्ट, खालून काढत राहायचं आणि वरून ७५-७७ अंशांचं पाणी सोडून मॉल्टचा थर धुऊन घ्यायचा. पाणी याहून जास्त गरम झालं, किंवा शेवटी शेवटी पीएच ६च्या वर गेला, तर सालींचा तुरटपणा उतरतो. पाण्याने थरात एकच वाट धरली तर बाकीची साखर जागच्या जागी राहते. हे टाळायला आर्म लागतो, असा समज आहे.

समज अर्धाच खरा. थरावर दोन-तीन सेंटीमीटर पाणी कायम उभं ठेवलं तर वरून ते कसं पडतं याने फारसा फरक पडत नाही, ते आपसूक पसरतं. वाट पडते ती मुख्यतः खालचा नळ जास्त उघडल्याने किंवा तळाची जाळी नीट नसल्याने. थर उघडा ठेवून वरून शिंपडणाऱ्यालाच आर्मचा खरा उपयोग.

तरी आर्म हवाच असेल तर तो कशामुळे अडतो, ते समजून घ्या. सांवेर रोडच्या कारखान्यांवर गोल कूलिंग टॉवर असतात, त्यांतला फिरता फवारा याच तत्त्वावर चालतो: पाणी एका बाजूला सुटतं, नळी उलट्या बाजूला ढकलली जाते. तिथे पाण्याचा लोंढा असतो. इथे १८ लिटर पाणी पाऊण तासात सोडायचं, म्हणजे मिनिटाला जेमतेम ४०० मिलिलिटर. दीड मिलिमीटरची दोनच भोकं असली तर पाणी सेकंदाला साधारण दोन मीटर वेगाने सुटतं आणि त्याचा एकूण धक्का सव्वा ग्रॅम वजनाएवढा भरतो. एवढ्या जोरावर बुशचं, म्हणजे नळी जिच्यात फिरते त्या कडीचं, घर्षण मोडायचं आहे!

म्हणून आर्म फिरत नाही म्हटल्यावर बहुतेक जण भोकं वाढवतात, ते नेमकं उलटं आहे. पाणी तेवढंच ठेवून भोकं दोनाची आठ केली की धक्का चौथाईवर येतो. नळ अर्धा केला तरी तेच, चौथाई. भोकं कमी आणि बारीक ठेवा, टाकीतल्या पाण्याची पातळी आर्मपेक्षा हात-दीड हात वर ठेवा. बारीक भोकांत कोंडा अडकतो, त्यामुळे वर्ट परत वर फिरवायचा असेल तर तो आर्ममधून घालू नका.

बाकी काम लेथवाल्याचं. ड्रिल केल्यावर भोकाच्या आतला बर, म्हणजे धातूची उरलेली कोर, काढायचा, नाहीतर धार वाकडी सुटते. दोन्ही बाजू लांबीला आणि वजनाला सारख्या. उभी नळी लेव्हलमध्ये, कारण कललेला आर्म जड बाजू खाली आली की तिथेच थांबतो. बुशची जागा गार असताना घट्ट बसवली तर गरम पाण्यात जाम होण्याची शक्यता, आणि नायलॉन तर पाणी पिऊन फुगतं. टेफ्लॉनचा वॉशर बरा. बुशमधून थोडं पाणी ठिबकलं तर ठिबकू द्या, शेवटी थरावरच पडतंय. ग्रीस मात्र लावू नये, त्याने बिअरचा फेस मरतो.

एक गोष्ट विकतच्या आर्ममध्येही चुकलेली दिसते. तीस सेंटीमीटर व्यासाच्या भांड्यात अर्धं क्षेत्रफळ बाहेरच्या साडेचार सेंटीमीटरच्या पट्ट्यात असतं. भोकं सारख्या अंतरावर पाडली तर मध्ये रेलचेल आणि कडेला कोरडं. सोपी परीक्षा: रिकाम्या भांड्यात मध्यापासून कडेपर्यंत एका ओळीत छोट्या वाट्या मांडा, पाच मिनिटं आर्म चालवा, वाट्यांतलं पाणी मोजा. दोन भोकांचा आर्म इथे हमखास नापास होतो. म्हणजे फिरण्यासाठी भोकं कमी हवीत, पसरण्यासाठी जास्त. ही ओढाताण त्याच्या जातीतच आहे.

ताटलीला यातलं काही नाही. स्टीलच्या ताटलीला भोकं पाडून ती थरावर ठेवायची, पाणी तिच्यावर सोडायचं. घरात पुरणाची जुनी चाळणी असेल तर तीही चालते. तिचं काम फक्त धार थरात खड्डा करणार नाही एवढं पाहणं. शिवाय उंचावरून बारीक थेंब पडताना पाणी निवतं, तसं इथे कमी होतं. वेळ मात्र आर्मइतकाच, नळावर नजर ठेवून पाऊण-एक तास.

तो वेळ नसेल तर बॅच. सगळा वर्ट काढून घ्या, गरम पाणी एकदम ओता, ढवळा, थोडं बसू द्या, परत काढा. साखर थोडी कमी उतरते. साडेचार किलो मॉल्ट लागत असेल तिथे पाव किलो जास्त घातला की भरपाई होते. महिन्या-दोन महिन्यांतून एकदा करणाऱ्याने याच्यापुढे जाऊच नये, असं मला वाटतं.

भाच्याला ताटली पाठवतोय. आर्मचं पुढे बघू, आधी तुझ्या भांड्याच्या तळाच्या जाळीचा फोटो पाठव, असं त्याला कळवलंय.