बाजारातलं ‘बी हॉटेल’: घ्या, पण अर्धं रिकामं करून लावा

अंगणात रानफुलं रुजली, औषधफवारणी थांबली, की पुढची खरेदी बहुधा ‘बी हॉटेल’ची, म्हणजे मधमाश्यांना राहायला विकल्या जाणाऱ्या तयार घराची असते. छपराची लाकडी चौकट, खालच्या कप्प्यात पाइनचे शंकू, बाजूला भुसा, मध्ये फुलपाखरांसाठी म्हणून उभी फट आणि उरलेल्या जागेत बांबूचे तुकडे. यातलं शेवटचं तेवढं कामाचं. फटीत फुलपाखरं जात नाहीत, कोळी मात्र जातात. शंकू आणि भुसा ओल धरतात. त्यात एकही मधमाशी घर करत नाही. दोन्ही कप्पे रिकामे करून तिथे बांबूच भरा.

इथे येणारी माशी पोळ्यातली नव्हे. पानांच्या चकत्या कातरून किंवा चिखलाने कप्पे लिंपून एकटीच घर करणारी ही माशी थवे करत नाही आणि सहसा डंखही मारत नाही. तिला हवी असते एका टोकाला बंद असलेली कोरडी नळी. तयार हॉटेलं नेमकी इथेच नापास होतात. तुकडा काढून फुंकून पाहा. हवा आरपार गेली तर तो बाद. बांबू पेराच्या सांध्यालगत कापला असेल तर सांधाच मागची भिंत होतो.

दुसरी खोट लांबीची, आणि ती जास्त महाग पडते. मादी तळाशी माद्यांची अंडी घालते आणि तोंडाशी नरांची. नळी १० सेंटिमीटरही नसेल तर नरच जास्त निपजतात. घर भरलेलं दिसतं, पण पुढच्या वर्षी घर करायला माद्या कमी. जाड नळ्यांना १५ सेंटिमीटर लांबी हवी, बारीक नळ्यांना थोडी कमी चालते. व्यास २ ते १० मिलिमीटर, तोही मिसळून. अंगठा जाईल अशी भोकं निव्वळ शोभेची. तोंडाशी कुसळं असतील तर पंख फाटतात, म्हणून पॉलिश पेपर फिरवा. प्लॅस्टिकच्या किंवा काचेच्या नळ्या घेऊच नका. आत बाष्प साठतं, अळीच्या खाण्यासाठी ठेवलेल्या परागाच्या गोळ्याला बुरशी लागते आणि अळी मरते.

आकाराचा मोह टाळावा. शेकडो नळ्या एकत्र आल्या की परजीवी गांधीलमाश्या आणि परागावरच्या कोळीकिडींचीही सोय होते. वीस-तीस नळ्यांची दोन छोटी घरं एकमेकांपासून दूर लावलेली बरी. विकत घ्यायचंच तर खाचा कोरलेल्या, उलगडून साफ करता येणाऱ्या फळ्यांचं घ्या. आमची पसंती त्यालाच. बांबूच्या नळ्या वर्षा-दोन वर्षांनी बदलाव्या लागतात, पण सगळी तोंडं उघडून माश्या बाहेर पडल्यावरच. बंद तोंडाच्या नळीत जीव असतो, ती हलवू नका.

दोरीवर झुलणारं घर कुणी वापरत नाही. सकाळचं ऊन थेट पडेल अशा भिंतीवर किंवा खांबावर, साधारण एक ते दीड मीटर उंचीवर स्क्रूने घट्ट बसवा. छप्पर पाचेक सेंटिमीटर तरी पुढे यायला हवं. तयार घरांत ते बहुतेकदा नळ्यांच्या बरोबरीनेच संपतं. पक्षी नळ्या ओढत असतील तर दोन-अडीच सेंटिमीटर भोकांची जाळी तोंडापासून थोडी पुढे ठोका.

पाकिटावर एक गोष्ट कधी छापलेली नसते: एकट्या राहणाऱ्या मधमाश्यांपैकी सुमारे ७० टक्के जाती जमिनीतच बिळं करतात. त्यांना हॉटेल किती का उत्तम असेना, निरुपयोगी. त्यांच्यासाठी उन्हातला, पाणी न साचणारा मीटरभर तुकडा गवत काढून उघडा ठेवा. त्यावर पालापाचोळ्याचं आच्छादन घालू नका, खणू नका, रोज पाणीही मारू नका. चिखलाने लिंपणाऱ्यांसाठी मात्र एका कोपऱ्यात चिकणमाती ओली राहू द्या.