लिमासिना, क्लायोनी की ट्रिटोनिया? पोहणाऱ्या समुद्री गोगलगायींवर सेमिनार द्यायचा असेल तर

आधी स्वतःला एक विचारा: पाणी कसं ढकललं जातं यात तुम्हाला रस आहे, की ढकलण्याचा हुकूम कुठून सुटतो यात?

पहिल्यासाठी लिमासिना हेलिसिना. थंड समुद्रातली, जेमतेम काही मिलिमीटरची, शंखवाली. तिच्या पायाचेच दोन पंख झालेत. 2016 साली जॉर्जिया टेक या अमेरिकी विद्यापीठातल्या डेव्हिड मर्फी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की ते पंख इंग्रजी 8 काढत फिरतात, एकमेकांना भिडतात आणि झटक्यात उलगडतात. बारीक किडे हवेत हेच करतात. शंख जड, त्यामुळे पंख थांबले की ती बुडू लागते. आकृत्या देखण्या होतील; पण रेनॉल्ड्स नंबर (पोहणाऱ्याचा आकार-वेग आणि पाण्याचा चिकटपणा यांचं गणित) फळ्यावर समजावता येत नसेल तर या वाटेला जाऊ नका.

दुसऱ्यासाठी ट्रिटोनिया, आणि माझं मत तिलाच. उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरची ही बिनशंखाची गोगलगाय एरवी तळाशी सरपटते. पिक्नोपोडिया हा अनेक हातांचा तारामासा अंगाला लागला, की ती चपटी होते आणि पाठीकडे-पोटाकडे आळीपाळीनं वाकत तळ सोडते. दिशा वगैरे काही नाही, सुटलं की झालं. पोहणं म्हणून अगदीच गबाळं! पण मेंदूतल्या काही चेतापेशी इतक्या मोठ्या, की सूक्ष्मदर्शकाखाली एकेक ओळखता येते. चेताशास्त्रज्ञ डेनिस विलोज यांनी 1960 च्या दशकात त्यांवर इलेक्ट्रोड लावून काम सुरू केलं. मेंदू शरीरातून काढून बशीत ठेवला तरी पोहण्याची लय त्यात उमटते, म्हणजे तिला स्नायूंकडून येणाऱ्या निरोपांची गरज नाही. स्पर्श, चेतापेशी, सुटका ही साखळी एका सेमिनारमध्ये पुरी सांगता येते. शोधताना दोन्ही नावं टाका: जुन्या निबंधांत ट्रिटोनिया डायोमिडिया, नव्यांत ट्रिटोनिया एक्सुलान्स.

क्लायोनी दोन्हीकडची. प्रौढपणी शंख नाही, पोहणं पंखांनी, आणि खाणं चक्क लिमासिना. तिची लयही चेतागुच्छांतच (चेतापेशींच्या गाठींतच) तयार होते, सेरोटोनिन या चेतारसायनानं पंखांचा वेग वाढतो. विषय मात्र हां हां म्हणता पसरतो; वेळ हाताशी असेल तरच घ्या.

यातलं कोणीही कोकणात मिळणार नाही. आपल्याकडे ओहोटीला खडकांतल्या डबक्यांत समुद्री ससा (हीही एक समुद्री गोगलगायच) दिसू शकतो, पण त्याच्या सगळ्याच जाती पोहत नाहीत. जातीची ओळख पटल्याशिवाय विषय ठरवू नका. आणि जांथिना ही जांभळी समुद्री गोगलगाय यादीतून काढून टाका. ती बुडबुड्यांच्या तराफ्याला उलटी लटकून वाहत जाते, पोहत नाही.