डायनामो रिपेअर करावा की नवीनच टाकावा? जुन्या पिकअपवाल्यांसाठी

माझ्या मावसभावाची पिकअप आता तेरा वर्षांची झाली आणि गेल्या आठवड्यापासून तिचा चार्जिंगचा लाल लाईट मधेच मिणमिणतो, मधेच जातो. परवा त्याचा फोन आला, "दादा, मिस्त्री म्हणतो दीड हजारात करून देतो, दुकानदार म्हणतो साडेनऊचा नवीन घे, काय करू?" मी तेव्हा वाशीला गाळ्यावर होतो, माल उतरत होता, त्यामुळे अर्धवटच बोललो. म्हणून आता नीट लिहितो. मी दोन्ही करून बसलोय. आधी चौदा महिन्यांत तीन वेळा रिपेअर, मग नवीन.

इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणारं हे यंत्र, खरं नाव अल्टरनेटर, पण आमच्याकडे मिस्त्रीपासून भंगारवाल्यापर्यंत सगळे डायनामोच म्हणतात, तर मीही तेच म्हणतो.

बेल्ट ढिला आहे का, बॅटरीच्या टर्मिनलला पांढरी बुरशी आलीय का, इंजिनाची अर्थिंगची वायर तुटलीय का, हे बघितलं असेल असं धरून चालतो. डॅशबोर्डवरचा तो लाल बल्बही बघा, किल्ली फिरवली की लागला पाहिजे. जुन्या गाड्यांत त्या बल्बातूनच डायनामोला सुरुवातीचा करंट जातो, बल्ब उडालेला असला की चांगला डायनामोही कधीकधी उठत नाही आणि आपण उगाच खोलत बसतो. मल्टिमीटर असेल तर गाडी चालू करून बॅटरीवर लावायचा, १३.८ ते १४.४ व्होल्ट दाखवला तर ठीक, तेराच्या खाली घुटमळत असेल तर दुखणं आहे. आणि गाडी चालू असताना बॅटरीचं टर्मिनल काढून बघायची जी जुन्या मिस्त्रींची सवय आहे ना, ती करू देऊ नका, चांगल्या डायोड प्लेटा (वीज एकाच दिशेने बॅटरीकडे सोडणारा डायनामोचा भाग) त्यात जातात.

आता दोन बाजू.

रिपेअरची बाजू कमी नाही, आधीच सांगतो. डायनामोत झिजणाऱ्या वस्तू चार-पाचच, कार्बन (फिरत्या भागाला वीज पोचवणारे घासते ब्रश), बेअरिंग, कटआऊट (व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर), डायोड प्लेट. बाकी बॉडी आणि वायंडिंग जळालं नाही तर वर्षानुवर्षं जातं, आणि जुन्या मालातलं तांबं बघितलं की नवीन लोकल माल हातात घ्यायची इच्छा होत नाही. कार्बन झिजले म्हणून अख्खा डायनामो बदलणं म्हणजे चपलेचा अंगठा तुटला म्हणून नवीन जोड घेण्यासारखं आहे. आळेफाट्याचा आमचा मिस्त्री दोन तासांत खोलून बसवून देतो, संध्याकाळी गाडी लावली तर रात्रीच्या ट्रिपला तयार. आपली पुली, आपला ब्रॅकेट, आपल्या वायरी, कुठे काही जुळवायला लागत नाही. पैसे? पहिल्यांदा कार्बन आणि कटआऊट बदलला तेव्हा मजुरीसकट साडेआठशे गेले. साडेआठशे आणि साडेनऊ हजार, यात विचार तो काय करायचा, असंच मलाही वाटलं होतं.

नवीनची बाजू म्हणजे डोक्याला ताप नाही, बिल मिळतं, गॅरंटी मिळते (कागदावर तरी, कारण इलेक्ट्रिक पार्टच्या दुकानात एकदा वायर जोडली की माल परत घेत नाहीत, तशी पाटीच असते). सप्टेंबर २०२५ पासून सुट्या भागांवरचा जीएसटी २८ चा १८ टक्के झाला, तेवढा फरक बिलात पडतो, पण म्हणून कोणी नवीन घेईल असं नाही.

मग मी नवीन का घेतला? एका गोष्टीमुळे. तेल.

ज्यांनी फक्त पेट्रोल गाडी वापरलीय त्यांना हे पटणार नाही, पण बऱ्याच जुन्या डिझेल पिकअपमध्ये डायनामोच्या पाठीवर ब्रेकचा व्हॅक्यूम पंप बसवलेला असतो, ब्रेक पायाला हलका लागतो तो त्याच्यामुळे. डायनामोचाच शाफ्ट मागे लांब काढलाय आणि त्यावर पंपाच्या पात्या फिरतात. त्या पंपाला इंजिनाचं ऑइल लागतं, एका बारीक पाईपने वरून येतं आणि खालच्या जाड पाईपने चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीत, परत जातं. म्हणजे एका बाजूला ऑइल आणि एका बाजूला वीज, आणि मधे काय तर शाफ्टवर बसलेलं अंगठीएवढं रबराचं ऑइल सील. ते सील हललं की सगळं हललं.

पहिल्यांदा मिस्त्रीने डायनामो उघडला तेव्हा आत काजळ कालवल्यासारखा काळा चिखल होता. कार्बनचा भुगा आणि ऑइल. त्याने पेट्रोलने धुतला, हवा मारली, नवीन सील टाकलं. पाच महिने सुखाचे गेले. मग एके दिवशी पहाटे सेल्फ मारला तर बॅटरी ठार झोपलेली, रात्री काही चालू ठेवलं नव्हतं. मिस्त्रीने सहज डायनामोवर हात ठेवला आणि माझाही हात धरून ठेवायला लावला. कोमट. रात्रभर गाडी बंद, इंजिन गार आणि डायनामो कोमट! डायोड फुटला की बॅटरीचा करंट उलटा तिथे जात राहतो, म्हणून. (ही ट्रिक लक्षात ठेवा, मीटर लागत नाही.) उघडला तर परत तोच चिखल. डायोड प्लेट, सील, मजुरी, एकोणीसशे रुपये.

तिसऱ्यांदा बेअरिंग. घुर्र घुर्र असा आवाज यायला लागला होता, लांब स्क्रूड्रायव्हर एका टोकाने डायनामोला आणि एका टोकाने कानाला लावला की जात्यावर बसल्यासारखं वाटायचं. बेअरिंग, कार्बन, परत सील, सोळाशे. आणि दीड महिन्यात परत ऑइल.

तोवर माझी एक सवय झाली होती. रात्री गाडी लावली की इंजिनाखाली वर्तमानपत्र पसरायचं आणि सकाळी काळे ठिपके मोजायचे. आज चार, काल तीन. ओट्यावरून वडील ओरडायचे की पेपर वाचायच्या आधी तुझ्या गाडीखाली जातो, निदान कालचा तरी घे. दर दोन दिवसांनी ऑइलची पट्टी बघायची, अर्धा लिटर ऑइल सीटमागे कायम. पैशांचं एक वेळ सोडा, पण गाडीकडे आजारी म्हातारीसारखं सारखं बघत राहायचं याचा मला इतका वीट आला की त्यातच निकाल लागला.

आणि ब्रेक. डायनामो बॅटरी चार्ज करत नाही एवढंच असतं तर मीही अजून ढकललं असतं, कारण जुनं डिझेल इंजिन एकदा चालू झालं की डायनामो मेला तरी बराच वेळ पळतं, म्हणून तर आपण सगळे दुर्लक्ष करतो. पण पंपही त्याच शाफ्टवर. आम्ही ओतूरवरून मढ, माळशेज उतरून टोकावडे, मुरबाड, कल्याण असे वाशीला जातो. पावसाळ्यात माळशेजला धुकं म्हणजे बोनेट दिसत नाही, हेडलाईट, वायपर, काचेवरची हवा सगळं चालू, ६०-६० वॅटचे दोन हेडलाईटच साधारण नऊ-दहा अँपिअर खातात. वर भरलेले टोमॅटोचे क्रेट. उतारावर दोनदा ब्रेक दाबला आणि तिसऱ्यांदा पेडल दगडासारखं कडक लागलं. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये होती म्हणून काही झालं नाही, पण खाली टोकावड्याला चहा घेताना कप हातात नीट धरवत नव्हता.

घरी तपासायचं असेल तर गाडी बंद करून ब्रेक चार-पाच वेळा दाबा, कडक होईल, मग पाय तसाच दाबून ठेवून गाडी चालू करा, पेडल थोडं खाली जायला हवं. नाही गेलं तर पंप किंवा बूस्टर (त्या व्हॅक्यूमवर ब्रेकला जोर देणारा डबा) बघा, चार्जिंगचं नंतर.

चौथ्यांदा मिस्त्रीने उघडला आणि मला हाक मारली. रोटर, म्हणजे शाफ्टसकट आतला फिरणारा भाग, हातात घेतला, सील बसतं त्या जागेवर माझं बोट फिरवायला लावलं, म्हणाला नख अडकतंय का बघ. अडकत होतं. बारीक खाच, गोल, शाफ्टभर. सीलच्या रबरी ओठाने इतक्या वर्षांत लोखंड खाल्लेलं. त्या खाचेवर कितीही नवीन सील टाकलं तरी ते चार-दोन महिन्यांत सोडणारच, म्हणजे आधीची तिन्ही सीलं तशीच वाया गेली. त्याने लेथवर भरून घासून आणायचं सुचवलं, किंवा जुना रोटर शोधू म्हणाला. लेथवाला म्हणाला करतो, पण पातळ शाफ्ट आहे, सरळ राहील याची खात्री देत नाही. मिस्त्रीला दोष देत नाही मी, पण हे नख पहिल्याच वेळी फिरवलं असतं तर, असो.

म्हणजे तोवर ४३५० गेलेले, वर वाया गेलेल्या दोन ट्रिपा वेगळ्या.

नवीन मी पुण्यात नाना पेठेतून आणला, पंपासकट, जुन्या डायनामोच्या पट्टीवर लिहिलेले अँपिअर जुळवून. ९६०० पडले. तिथेही सरळ झालं असं नाही. बॉक्सवर एमआरपी, होलोग्राम बघून घ्या, कारण डब्यासारखा डबा बनवणारे खूप आहेत. पुली जुनीच चढवली तर बेल्ट एका रेषेत येतो का ते डोळा लावून बघा, दोन-तीन मिलिमीटर इकडेतिकडे झालं की थंडीत पहाटे अख्खी आळी जागी होईल असा बेल्ट किंचाळतो. ऑइल पाईपाचे तांब्याचे वायसर नवीन टाका, जुने दाबून बसवू नका. आणि पंपाच्या भोकात बसवायच्या आधी थोडं इंजिन ऑइल घाला, नाहीतर पहिल्यांदा तो कोरडाच फिरतो.

पण सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे खालचा परतीचा पाईप. माझ्या मिस्त्रीने नवीन बसवताना तो काढून फुंकला तर आत ग्रीससारखा मळ साचलेला, निम्मा बंद. ऑइल वरून येतंय आणि खाली जायला वाट नाही, मग ते सीलवरच जोर काढणार ना. इंजिन थकलं असेल, ऑइलच्या झाकणातून भकाभका धूर मारत असेल तरी हेच होतं, चेंबरमधल्या हवेने ऑइल खाली उतरत नाही. अशा गाडीत नवीन डायनामोसुद्धा वर्षभरात चिखल करेल, तेव्हा ९६०० घालायच्या आधी शंभर रुपयांचा पाईप बघा.

लोकल नवीनबद्दल दोनच शब्द, साडेचार-पाचला मिळतो, गावातल्या एकाचा दोन वर्षं छान चालतोय, दुसऱ्याचा एका पावसाळ्यात गेला. मला धाडस झालं नाही. आणि भंगारातून उचललेला तर नकोच, त्याच्या शाफ्टवर कोणाचं नख फिरलंय आपल्याला काय माहीत. एक्सचेंजमध्ये रिपेअर केलेला घेतानाही तेच, आपला ओळखीचा द्यायचा आणि अनोळखी घ्यायचा.

तर माझं म्हणणं एवढंच की डायनामो उघडल्यावर आत कोरडा, नुसता धुळीचा असेल तर डोळे झाकून रिपेअर करा, बेअरिंग-कार्बन-कटआऊट एकदमच बदलून घ्या, सुटं सुटं करत बसलात तर दर वेळी मजुरी जाते. त्यात नवीन घेणं मला तरी उधळपट्टी वाटेल. ऑइल दिसलं पण शाफ्ट गुळगुळीत असेल तर एकदा सील आणि पाईप करून बघायला हरकत नाही, ज्याच्या गाडीला घाट लागत नाही त्याने तर नक्कीच. पण नख अडकलं तर मी काही तुमच्या खिशात हात घालणार नाही, फक्त माझ्या गाडीखाली आता सव्वा वर्ष झालं वर्तमानपत्र नाही, एवढं सांगतो. मीटरला १४.२ दाखवतो, ब्रेक मऊ आहे, वडील पेपर आधी वाचतात.

जुना डायनामो मिस्त्रीलाच सातशेला दिला, त्याचं वायंडिंग चांगलं होतं, कोणाच्या तरी गाडीत गेलंही असेल.

भावाला कालच परत फोन केला. मिस्त्रीने त्याचा उघडला होता. म्हटलं ऑइल आहे का, तर म्हणाला आहे थोडं, पण मिस्त्री म्हणतो सील टाकलं की होऊन जाईल. म्हटलं फोन ठेवू नको, आत्ता शाफ्टवर नख फिरव. पलीकडून बराच वेळ नुसता गॅरेजमधला आवाज येत राहिला, मग म्हणाला, "दादा, नाना पेठेतल्या त्या दुकानाचा नंबर टाक."