रात्रपाळीचा हिशेब ठेवणारा ॲटॉप

ॲटॉप म्हणजे लिनक्स सर्व्हरवर कोण किती ताण टाकतंय ते दाखवणारा आणि लिहून ठेवणारा प्रोग्राम. तो दिसायला अजिबात चांगला नाही, हे आधीच सांगून टाकते. काळ्या स्क्रीनच्या वरच्या अर्ध्या भागात आकड्यांची दाटी आणि खाली प्रोसेसची, म्हणजे चालू असलेल्या प्रोग्रामची, यादी. हाताखाली आलेल्या नव्या पोराला दाखवला की तो मान डोलावतो आणि माझी पाठ वळताच त्याचा रंगीत भाऊबंद एच-टॉप उघडतो. तरीही माझ्याकडे असलेल्या प्रत्येक लिनक्स सर्व्हरवर ऑपरेटिंग सिस्टीमनंतर पहिलं काही चढत असेल, तर हेच.

मी सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या काही टॉवेल-चादरीच्या कारखान्यांचे सर्व्हर सांभाळते. फार मोठं काही नसतं. कोपऱ्यातल्या खोलीत एक टॉवर सर्व्हर, त्यावर डेटाबेस आणि ईआरपी (कारखान्याचा सगळा हिशेब ठेवणारं सॉफ्टवेअर), शेजारी यूपीएस, वर सिद्धेश्वरांचा फोटो. लूम तीन पाळ्यांत चालतात. पॅकिंगही रात्री सुरू असतं, कारण सकाळी कंटेनर न्हावाशेव्याला निघायचा असतो. त्यामुळे घोटाळा रात्री होतो आणि तक्रार माझ्याकडे सकाळी येते. "मॅडम, रात्री दोनला सगळं गपगार झालं बघा. स्कॅनर टुकटुक करालंय, पण पुढं काय जाईना." मी दहाला जाऊन बघते तर सर्व्हर एकदम साळसूद. सीपीयू मोकळा, डिस्क मोकळी, जणू काही झालंच नाही.

या एकाच अडचणीवर मी ही सगळी टॉप मंडळी घासून बघितली आहेत, म्हणून ॲटॉपबद्दल बोलण्याआधी त्याच्या भाऊबंदांबद्दल थोडं.

मूळ टॉप विल्यम लेफेव्हर यांनी १९८४ साली बीएसडी युनिक्ससाठी लिहिला. डेक कंपनीच्या व्हीएमएस या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये सगळ्यात जास्त सीपीयू खाणाऱ्या प्रोसेस दाखवायची सोय होती, तिच्यावरून त्यांना ही कल्पना सुचली. त्याआधी प्रोसेसची यादी छापणारी पीएस कमांड पुन्हा पुन्हा मारायची आणि याद्या डोळ्यांनी ताडून बघायच्या, एवढंच हातात होतं. लिनक्सवर आपण जो टॉप वापरतो त्याचा कोड वेगळा. तो प्रॉकपीएस पॅकेजमधून येतो आणि २००२ मध्ये जिम वॉर्नर यांनी तो जवळजवळ नव्याने लिहिला. हा टॉप सगळीकडे असतो, काही इन्स्टॉल करावं लागत नाही, आणि अडीनडीला तोच उपयोगी पडतो. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण दर तीन सेकंदांनी तो आधीचं चित्र पुसून नवं काढतो. पुसलेलं गेलं ते गेलंच.

टॉपच्या पहिल्या ओळीतल्या लोड ॲव्हरेजने तर किती जणांना चकवलंय! बाकीच्या युनिक्समध्ये हा आकडा साधारणपणे सीपीयूवर चालू असलेल्या आणि सीपीयूसाठी रांगेत थांबलेल्या प्रोसेसचा असतो. लिनक्सने १९९३ मध्ये त्यात डिस्कसारख्या गोष्टीसाठी अडकून पडलेल्या प्रोसेसही धरायला सुरुवात केली. त्यामुळे लोड वीसवर आणि सीपीयू मात्र ऐंशी टक्के रिकामा, हे दृश्य लिनक्सवर नेहमीचं. आकडा बघून "नवा प्रोसेसर घ्या" म्हणणारे सल्लागार मी पाहिलेत. अडचण असते डिस्कची, आणि खर्च होतो भलतीकडे.

एच-टॉप ब्राझीलच्या हिशाम मुहम्मद यांनी २००४ मध्ये आणला. रंगीत पट्ट्या, बाणांनी वर-खाली जाणं, एफ-पाच दाबलं की कोणती प्रोसेस कोणाच्या पोटातून निघाली त्याचं झाड, एफ-नऊने प्रोसेस मारणं. वापरायला सुख आहे. मधे काही वर्षं त्याचं काम थंडावलं होतं. मग इतर मंडळींनी सूत्रं हातात घेतली आणि ऑगस्ट २०२० मध्ये तिसरी आवृत्ती बाहेर काढली. बी-टॉपचा प्रवासही गमतीचा: आधी बॅशमध्ये लिहिला, मग पायथनमध्ये, मग २०२१ मध्ये यंत्रावर कमी ताण टाकणाऱ्या सी प्लस प्लसमध्ये. यंत्रावरचा ताण मोजणाऱ्यानेच ताण वाढवायचा नसतो, ही अक्कल सगळ्यांनाच उशिरा येते. दिसायला तो सगळ्यांत देखणा. शेठ आले की मी तोच लावून ठेवते, सर्व्हर रूममध्ये काहीतरी चाललंय असं वाटतं. पण एच-टॉप काय, बी-टॉप काय, दोघेही फक्त आत्ताचं बोलतात. रात्री दोनचं विचारलं की दोघेही मुके.

मागचं सांगणारा जुना गडी म्हणजे सार. तो सिस्टीम फाइव्ह युनिक्सचा वारसा, लिनक्सवर सेबास्तियाँ गोदार यांच्या सिस-स्टॅट पॅकेजमधून येतो. दर दहा मिनिटांनी नोंद करतो, गप्प राहतो, जागा कमी खातो. रात्री दोनला डिस्क तुंबली होती हे तो बिनचूक सांगेल. कोणी तुंबवली, ते नाही सांगणार. त्याच्या वहीत सगळ्या यंत्राची बेरीज असते, प्रोसेसची नावं नसतात. आयबीएमच्या नायजेल ग्रिफिथ्स यांचा एन-मॉनही नोंद ठेवतो आणि एक्सेलमध्ये सुंदर आलेख देतो. बँकांमधल्या एआयएक्सवाल्यांचा (एआयएक्स म्हणजे आयबीएमचं युनिक्स) तो जीव की प्राण. पण तो आपणहून ठरल्या वेळी सुरू करून ठेवावा लागतो.

ॲटॉप नेमका या फटीत बसतो. नेदरलँड्सचे गेर्लोफ लांगेवेल्ड यांनी तो लिहिला, आणि अजूनही तो फुकट आणि मुक्त आहे. डेबियन किंवा उबुंटू या लिनक्सच्या डिस्ट्रोंवर, म्हणजे तयार संचांवर, इन्स्टॉल केला की मागे एक सेवा आपोआप सुरू होते आणि दर दहा मिनिटांनी सगळ्या यंत्राची, प्रोसेसच्या नावानिशी, नोंद दिवसागणिक एका फाइलमध्ये टाकत राहते. अठ्ठावीस दिवसांच्या फाइली ठेवतो, जुन्या आपणच काढून टाकतो. टॉप म्हणजे गेटवरचा वॉचमन असेल, तर हा गेटवरच्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग.

वर सांगितलेली दोन वाजताची तक्रार याच रेकॉर्डिंगने सुटली. ईआरपीवाल्यांचं म्हणणं होतं की तुमचं नेटवर्क खराब आहे, आणि शिवाय रॅम वाढवा. मी त्या रात्रीची फाइल आर पर्यायाने उघडली, बी दाबून दोनची वेळ टाकली, आणि तिथून स्मॉल टी दाबत एकेक नोंद पुढे गेले. (कॅपिटल टी मागे नेतो. ही दोन बटणं कळली की अर्धा ॲटॉप आला.) नेटवर्कची ओळ जेमतेम हलत होती. मेमरीच्या ओळीत मोकळी जागा थोडी दिसत होती, पण बाकीची बहुतेक कॅशमध्ये होती, म्हणजे मागितली की मिळणारी. आणि पेजिंगच्या ओळीत स्वॅपची ये-जा (रॅम कमी पडली की तिथला माल डिस्कवर टाकणं-आणणं) शून्य. मग रॅम कशाला वाढवायची? डिस्कची ओळ मात्र लालभडक: बिझी शंभर टक्के. दोनच्या आधी सुरू झालेलं हे प्रकरण अडीचनंतर निवळलं होतं.

आता खरी गंमत. यादीत वर डेटाबेस होता, पण तो बिचारा डी अवस्थेत, म्हणजे डिस्कची वाट बघत बसलेला. त्याच्या खाली ओळीच्या ओळी जी-झिपच्या (फाइल दाबून लहान करणारा प्रोग्राम), आणि प्रत्येक नाव < > अशा कोनी कंसात, अवस्थेच्या रकान्यात ई. कोनी कंस म्हणजे ही प्रोसेस दोन नोंदींच्या मधे संपली. सगळ्यात वरच्या ओळीत, किती प्रोसेस मेल्या त्याचा जो आकडा असतो, तो नेहमीच्या मानाने कैक पटींनी फुगलेला. स्मॉल पी दाबलं की एकाच नावाच्या प्रोसेसची बेरीज होते, आणि तिथे जी-झिपचा ढीग समोर आला. ईआरपीवाल्यांचीच एक रात्रीची स्क्रिप्ट होती. ती चलनाची प्रत्येक पीडीएफ वेगळी उचलून, वेगळी दाबून, वेगळी ठेवत होती. एकेक जी-झिप सेकंदही जगत नव्हता. टॉप किंवा एच-टॉपसमोर मी रात्रभर डोळे ताणून बसले असते, तरी त्यातले किती हाती लागले असते?

हे ॲटॉपला जमतं कारण तो युनिक्सची एक फार जुनी सोय वापरतो, प्रोसेस अकाउंटिंग. एकेकाळी संगणक महाग होते, आणि कोणी किती वेळ वापरला याचं बिल लावायला ती कामी यायची. प्रोसेस संपली की कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, तिच्या नावाने एक छोटी नोंद लिहितो. ॲटॉप त्या नोंदी वाचतो, म्हणून मेलेल्यांचाही हिशेब देतो. यात एक खोट आहे: संपलेल्या प्रोसेसने सीपीयू किती खाल्ला ते कळतं, डिस्क किती वापरली ते लिनक्सच्या त्या नोंदीत नसतं. त्यामुळे जी-झिप दोषी हे मला लाल ओळ आणि मेलेल्यांचा आकडा एकत्र बघून ठरवावं लागलं. स्क्रिप्ट आता पाळी बदलण्याच्या वेळी चालते आणि सगळ्या फाइलींचा एकच गठ्ठा करते. रॅम घेतली नाही.

दुसरी एक गोष्ट मला खास सोलापुरी वाटते. सीपीयूच्या ओळीत, स्क्रीन पुरेशी रुंद असेल तर, प्रोसेसर किती गिगाहर्ट्‌झवर चालतोय आणि आपल्या कमाल वेगाच्या किती टक्के, तेही दिसतं. मे महिन्यात इथे पारा चव्वेचाळीसवर जातो. एका कारखान्यात सर्व्हरची खोली डाइंगच्या भिंतीला लागून. दुपारी एसी ट्रिप झाला की कोणाच्या लक्षात येत नाही, आणि अकाउंट्सच्या वहिनी म्हणतात, "जेवणानंतर टॅली लई झोपतंय." फाइल उघडली तर कामाचा ताण भरपूर असतानाही वेग निम्म्याच्या खाली. प्रोसेसर स्वतःला वाचवायला हळू झालेला. शेठना हा आकडा दाखवला, दुसरा एसी आला.

पीएसआयची (प्रेशर स्टॉल इन्फर्मेशन) ओळही मला आवडते. लिनक्स ४.२० मध्ये, म्हणजे २०१८ च्या डिसेंबरात, कर्नलमध्येच ही मोजणी आली: सीपीयू, मेमरी किंवा डिस्कसाठी कामं किती टक्के वेळ खोळंबली. लोडच्या आकड्यावर वाद घालण्यापेक्षा ही ओळ वाचावी, जास्त प्रामाणिक आहे.

आता खोड्या. चालू केल्याबरोबर जी पहिली स्क्रीन येते ती आत्ताची नसते, यंत्र सुरू झाल्यापासूनची सरासरी असते. वर तसं लिहिलेलं असतं, कोणी वाचत नाही, आणि पहिल्याच स्क्रीनचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवून "हे बघा, डिस्क मोकळी आहे" म्हणतात. दहा मिनिटांचं अंतर फार मोठं आहे. मी ते कॉन्फिग फाइलमध्ये साठ सेकंद करते, पण मग फाइली फुगतात आणि लहान डिस्कवर लक्ष ठेवावं लागतं. ऐंशी अक्षरांच्या खिडकीत उघडला तर तो न विचारता रकाने गाळतो. कोणत्या प्रोसेसने नेटवर्क वापरलं हे बघायचं तर नेट-ॲटॉप नावाचं वेगळं मॉड्यूल, म्हणजे कर्नलला जोडायचा तुकडा, चढवावं लागतं, आणि चालत्या कारखान्याच्या कर्नलमध्ये बाहेरचं मॉड्यूल घालायला माझा हात धजत नाही. आवृत्ती बदलली की जुन्या नोंदी नवीन ॲटॉप वाचेलच असं नाही. बदलून देणारं अवजार सोबत येतं, पण ते आपल्याला आठवायला हवं. आणि तो आपणहून हाक मारत नाही. डिस्क जळत असली तरी शांतपणे लिहीत बसेल. अलार्मसाठी दुसरं काहीतरी लावावंच लागतं.

माझ्याकडून ॲटॉपला पाचपैकी चार गुण. एकच सर्व्हर असेल आणि तो तुमच्या डोळ्यांसमोर चालत असेल, तर एच-टॉप पुरे आहे, उगाच डोकं शिणवू नका. रात्रपाळी असेल, आणि सकाळी उत्तर तुम्हालाच द्यायचं असेल, तर आजच टाका. सोबत प्रोसेस अकाउंटिंगची सेवा चालू आहे ना ते बघा, नाहीतर कोनी कंसातली मंडळी दिसणारच नाहीत. आणि आवृत्ती तपासा. मार्च २०२५ मध्ये ॲटॉपमध्ये सुरक्षेची एक गंभीर चूक सापडली होती: जीपीयूची (ग्राफिक्सच्या प्रोसेसरची) माहिती घ्यायला तो यंत्रावरच्याच एका नेटवर्क पोर्टला आपणहून जोडला जायचा आणि तिथून येईल त्यावर भरवसा ठेवायचा. २.११.१ मध्ये ते बंद झालं, आता सांगितल्याशिवाय तो त्या पोर्टकडे जात नाही. तुमच्याकडे त्याआधीची असेल, तर डिस्ट्रोने दुरुस्ती दिली आहे का ते बघा आणि मगच सेवा चालू ठेवा.