सहा चाकांची भाजीची ट्रॉली: लियोंच्या जिन्यांवर बरेच महिने वापरल्यानंतर

लिफ्ट नसलेल्या इमारतीत राहत असाल तरच सहा चाकांची घ्या. नाहीतर मोठ्या दोन चाकांची साधी ट्रॉली स्वस्तही पडते आणि पळतेही छान. निकाल आधीच सांगून टाकला, आता कारणं.

आम्ही दोघं फ्रान्समधल्या लियों शहरात, क्रुआ-रूस टेकडीवर राहतो. गाडी नाही, घ्यायचा विचारही नाही. हा भाग पूर्वी रेशीम विणकरांचा. नक्षीदार कापड विणणारे उंच जाकार्ड माग मावावेत म्हणून इथल्या घरांची छतं चार-चार मीटर उंच. घर बघायला आलो तेव्हा त्या उंचीवर खूश झालो होतो. पण छत उंच म्हणजे दर मजल्याला पायऱ्या जास्त. आमचा मजला तिसरा, जिना दगडी आणि गोल फिरणारा. शिवाय इथे दुकानात पातळ पिशवी मिळेल ही आशा सोडायची. काउंटरवरच्या प्लास्टिक पिशव्या 2016 च्या जुलैपासून बंद आणि भाजी-फळांच्या 2017 पासून. त्यामुळे सुरुवातीला दोन्ही खांद्यांना कापडी पिशव्या, मानेला रग आणि घरी पोचेपर्यंत टोमॅटोची कोशिंबीर.

ट्रॉलीत दोन्ही बाजूंना तीन-तीन चाकं त्रिकोणात बसवलेली असतात. सपाट रस्त्यावर प्रत्येक बाजूची दोन टेकतात. पायरी आली की त्रिकोण फिरतो आणि तिसरं चाक वरच्या पायरीवर जाऊन बसतं. आपण उलटं चढत ओढायचं. जाहिरातीत म्हणतात 'वजन जाणवत नाही'. जाणवतं हो! पण उचलणं वेगळं आणि ओढणं वेगळं. बारा-पंधरा किलोपर्यंत मी एकटी नेते, त्यापुढे नवरा खालून हात लावतो. गोल जिन्याची मात्र एक खुबी आहे. आतल्या बाजूला पायरी निमुळती होत जाते, तिथे चाकं टेकायला जागाच मिळत नाही आणि सगळी ट्रॉली कलते. बाहेरच्या भिंतीला धरून चढायचं, मग काही त्रास नाही. वरून कोणी उतरत असेल तर अर्थातच सगळा घाट जाम. आणि रात्री दहानंतर नाही. प्रत्येक पायरीला ठक-ठक होतं, दगडी जिन्यात ते गच्चीपर्यंत ऐकू जातं.

खरा उपयोग बाजारात. क्रुआ-रूसच्या बुलवारवर (रुंद हमरस्त्यावर) सोमवार सोडून रोज सकाळी बाजार भरतो. आम्ही रविवारी जातो, कारण दुपारी एकनंतर बहुतेक किराणा दुकानांची शटरं पडतात आणि सोमवारी बाजारही नाही. भरण्याचा क्रम आता हाताला बसलाय: तळाला बटाटे-कांदे आणि दुधाच्या बाटल्या, मग गाजर-फ्लॉवर, वर पालक आणि सॅलडचा गड्डा. बागेत, म्हणजे लांब फ्रेंच पाव, कोपऱ्यात उभा, टोक बाहेर. ते टोक घरी पोचेपर्यंत शिल्लक राहत नाही हा भाग निराळा. अंडी हातातच. बाजार आवरता आवरता विक्रेते उरलेली फळं पेटीच्या भावाने काढतात आणि ट्रॉलीत जागा दिसली की नवऱ्याला मोह आवरत नाही. एकदा एवढे जर्दाळू आणले की आठवडाभर मुरांबाच ढवळत होते.

महिन्याकाठी शहरातल्याच गियोतिएर भागात जातो, तूरडाळ, तांदूळ, मसाल्यांसाठी. बहादुरियां नावाचं जुनं आर्मेनियन घराण्याचं दुकान तिथे आहे, डाळी-कडधान्यांचे ढीग बघून जीव सुखावतो. जायचं म्हणजे मेट्रो सी, ओतेल द व्हिलला बदलून ए, बेलकूरला बदलून डी. सी लाइन दातेरी रुळावरून टेकडी चढते, त्या उतारावर ट्रॉली पायात अडकवून उभं राहायचं, नाहीतर ती डब्यात फिरायला निघते. डिसेंबरात दिव्यांच्या उत्सवाच्या दिवसांत ट्रॉली घेऊन मेट्रोत शिरू नका, माणसालाच जागा नसते.

सहलीलाही नेतो. तेत द'ऑर बागेत (1857 साली खुली झालेली, आतला प्राणिसंग्रहालयही फुकट) चादर, थर्मास, डबे, पत्ते सगळं एका फेरीत जातं. आतल्या चंदेरी अस्तराच्या कप्प्यात चीज आणि मठ्ठा दुपारपर्यंत गार राहतो, ऐन जुलैत मात्र नाही. जुन्या लियोंच्या गोट्यांच्या फरसबंदीवर तिचा जीव जातो. छोटी चाकं फटीत बसतात, हाताला मुंग्या येतात आणि लोक मागे वळून बघतात.

टिकाऊपणाबद्दल: दांडा आणि सांगाडा ठणठणीत. पिशवी हुकातून सुटते, बादलीत भिजवून घासली की स्वच्छ. हिवाळ्यानंतर चाकं कुरकुरायला लागली, शिलाई मशीनचं तेल दोन थेंब घातलं आणि गप्प झाली. एका चाकाचं रबर मात्र फाटून निघालं. दुकानातल्या बाईंनी आधी 'हे झिजणारच' म्हणून वाटेला लावलं. फ्रान्समध्ये नव्या वस्तूवर दोन वर्षांची कायदेशीर हमी विक्रेत्यावर बंधनकारक असते, कंपनीची वॉरंटी असो वा नसो. पावती दाखवून तेवढंच शांतपणे सांगितलं, आठवडाभरात चाकांचा नवा संच हातात. पावतीचा फोटो काढून ठेवा, इथल्या पावत्यांची शाई काही महिन्यांत उडते.